हिमालयातला ट्रेक निवडताना मी आधी मुक्कामांची उंची पाहते

पावसाळा ओसरू लागला की ओळखीच्या मंडळींकडून हिमालयातील ट्रेकविषयी विचारणा सुरू होते. बहुतेकांच्या मनात एखादे नाव आधीच पक्के झालेले असते, कारण कोणीतरी तिथला फोटो पाठवलेला असतो: केदारकंठाच्या माथ्यावरचा बर्फातला सूर्योदय, हम्पता पासपलीकडचा चंद्रताल, काश्मीरमधील विशनसरचे निळे पाणी किंवा पताकांनी वेढलेला एव्हरेस्ट बेस कॅम्प. त्यापाठोपाठ ‘आम्हाला झेपेल का?’ असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर फोटोत नसते आणि खिंडीच्या किंवा शिखराच्या उंचीच्या आकड्यातही ते पुरते सापडत नाही. मी त्यांना दिवसवार कार्यक्रम पाठवायला सांगते आणि त्यातली एकच गोष्ट आधी वाचते, ती म्हणजे कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे आहे. ट्रेक आपल्या आवाक्यातला आहे की नाही, तो आखणाऱ्याने माणसांचा विचार केला आहे की सुट्टीच्या दिवसांत कसाबसा बसवला आहे, हे त्या आकड्यांच्या चढत्या क्रमावरून बरेचसे कळते.

आपण सह्याद्रीत चालायला शिकलेली माणसे आहोत. राजगड ते तोरणा एका दिवसात उरकणारी आणि कात्रज ते सिंहगड रात्रीच्या अंधारात चालून जाणारी तरुण मंडळी पुण्यात गल्लोगल्ली आहेत. सह्याद्रीने दिलेली पायांची ताकद, घसाऱ्यावर पाऊल कसे टाकावे याचे भान आणि दिवसभर पाठीवर ओझे घेऊन चालण्याची सवय हिमालयात निश्चितच उपयोगी पडते. मात्र विरळ हवेत आपले शरीर कसे वागेल, याबद्दल सह्याद्री काहीही सांगू शकत नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर उंच आहे, आणि उत्तराखंडमधील सांकरी हे गाव, जिथे केदारकंठा आणि हर की दून या दोन्ही ट्रेकची केवळ सुरुवात होते, तेच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे. आपली परीक्षा जिथे संपते, त्याच्याही वर तिथली शाळा भरते.

उंचीवर ऑक्सिजन कमी असतो असे आपण म्हणतो, परंतु हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत पोहोचणारा ऑक्सिजन घटतो. लेह शहराच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो आणि ५,५०० मीटरवर तो निम्म्यावर येतो. शरीर यावर उपाय शोधते: श्वास जलद आणि खोल होतो, त्यामुळे रक्तातील आम्लतेचा जो तोल बिघडतो तो मूत्रपिंडे हळूहळू सावरतात, आणि या सगळ्याला काही दिवस लागतात. हे दिवस व्यायामाने कमी करता येत नाहीत. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या माणसालाही तेवढाच वेळ लागतो. उलट दमसास चांगला असल्यामुळे तो भराभर वर जातो आणि शरीराला मिळायला हवा होता तो अवधी स्वतःच हिरावून घेतो.

पर्वतीय वैद्यकशास्त्रातील सर्वमान्य शिफारस अशी आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर अधिक काढावी. दिवसा त्याहून वर चढून परत खाली येऊन झोपण्याला हरकत नसते, किंबहुना ते हितकारकच असते. हा नियम हाताशी धरून आपल्या लाडक्या ट्रेकचे कार्यक्रम वाचावेत. काही कार्यक्रम त्यात नीट बसतात, काही थोडे बाहेर जातात, आणि काहींनी तो पार धाब्यावर बसवलेला असतो.

उदाहरणादाखल अन्नपूर्णा बेस कॅम्प घेते, कारण मराठी ट्रेकरांमध्ये तो फार लोकप्रिय आहे आणि त्याची वाट माझ्या चांगली परिचयाची आहे. पोखऱ्याहून निघाल्यावर घांद्रुक, मग २,१७० मीटरवरचे छोमरोंग, त्यापुढे बांबू, २,९०० मीटरच्या आसपासचे ‘हिमालय’ नावाचे ठिकाण आणि सुमारे ३,२०० मीटरवरचे देउराली असे मुक्काम येतात. इथपर्यंतची चढण सौम्य आहे आणि शरीराला पुरेशी उसंत मिळते. प्रश्न त्यापुढे उभा राहतो. अनेक कार्यक्रमांत देउरालीहून एकाच दिवसात थेट ४,१३० मीटरवरच्या बेस कॅम्पला पोहोचून तिथेच झोपायचे असते, म्हणजे एका रात्रीत मुक्कामाची उंची नऊशे मीटरहून अधिक वाढते. मध्येच ३,७०० मीटरवर माछापुच्छ्रे बेस कॅम्प आहे. तिथे रात्र काढून पहाटे उजेडाच्या आधी वर जावे, ८,०९१ मीटरच्या अन्नपूर्णेवर पहिले ऊन पडताना पाहावे आणि दुपारपर्यंत पुन्हा खाली देउरालीला यावे, ही आखणी मला कितीतरी शहाणपणाची वाटते. दोन्ही आखण्यांना दिवस सारखेच लागतात, फक्त झोपायची जागा बदलते.

माछापुच्छ्रे बेस कॅम्पच्या लॉजमध्ये एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या टेबलावर एक तरुण बसला होता. चार मित्रांच्या गटात तोच सर्वांत दणकट होता आणि दिवसभर सगळ्यांच्या पुढे चालत आला होता. त्याच्या ताटातील डाळ-भात तसाच पडून होता, तो दोन्ही तळव्यांनी कपाळ दाबून बसला होता आणि झोप नीट झाली की बरे वाटेल, असे मित्रांना सांगत होता. त्यांच्या नेपाळी गाईडने त्याला उठवले आणि एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत फरशीवरच्या फटीवरून सरळ चालायला सांगितले. तिसऱ्या-चौथ्या पावलाला त्याचा तोल गेला आणि त्याने भिंतीचा आधार घेतला. गाईडने अधिक चर्चा केली नाही. डोक्यावरच्या विजेऱ्या लावून तो आणि एक पोर्टर त्या मुलाला दोन्ही बाजूंनी धरून त्याच अंधारात खाली घेऊन गेले. परतीच्या वाटेवर आम्हाला तो भेटला, तेव्हा उन्हात बसून नूडल्स खात होता. डोके दुखणे, भूक जाणे, मळमळणे ही उंचीच्या त्रासाची सुरुवात असते. तोल जाणे किंवा बोलण्यात विसंगती येणे ही मेंदूला सूज आल्याची खूण असू शकते, आणि विश्रांती घेतानाही धाप लागणे व खोकला वाढत जाणे ही फुप्फुसांत पाणी साचल्याची. या दोन्हींवर खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे लगेच खाली उतरणे. गोळ्या आणि ऑक्सिजनचे सिलिंडर उतरेपर्यंतचा वेळ मिळवून देतात. डायमॉक्स ही गोळी शरीराला सरावायला मदत करते हे खरे आहे, परंतु ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी आणि सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असल्यास हे त्यांना आवर्जून सांगावे.

हाच मापदंड लावला की एव्हरेस्ट बेस कॅम्प या नावाचे दडपण थोडे कमी होते. तिथली उंची ५,३६४ मीटर असली तरी रूढ कार्यक्रमात ३,४४० मीटरवरच्या नामचे बाजारला आणि ४,४१० मीटरवरच्या दिंगबोचेला प्रत्येकी एक जादा रात्र असते आणि चढाई टप्प्याटप्प्याने होते. तो ट्रेक दीर्घ आणि थकवणारा आहे, पण त्याची आखणी अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली आहे. याउलट सिक्कीममधील गोएचा ला या वाटेवर तीन हजार मीटरच्या आसपासच्या त्शोकाहून एका दिवसात चार हजार मीटरवरच्या झोंगरीला जावे लागते, म्हणून झोंगरीला दुसरी रात्र नसलेला कार्यक्रम मी सरळ बाजूला ठेवते. काश्मीरच्या तलावांच्या ट्रेकमध्ये पहिल्याच तंबूतली रात्र साडेतीन हजार मीटरच्या आसपास येते, त्यामुळे आदल्या दिवशी सोनमर्गला मुक्काम हवाच. लडाखला विमानाने जाणाऱ्यांसाठी तर हे अधिकच कठोरपणे लागू होते, कारण मुंबईच्या समुद्रकाठावरून माणूस काही तासांत ३,५०० मीटरवर उतरतो. लेहमध्ये किमान दोन दिवस काहीही न करता राहण्याची तयारी नसेल, तर मारखा खोऱ्याचा विचारही करू नये.

उंचीनंतर मी ऋतू पाहते. आपल्याकडे ट्रेकचा ऋतू हवामानापेक्षा शाळा-कचेऱ्यांच्या सुट्ट्यांवरून ठरतो, त्यामुळे कोणती सुट्टी हाताशी आहे हे कळले की अर्धी निवड आपोआप होते. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हिमालयातील उंच खिंडींवर अजून बर्फ असते. हिमाचलमधील पार्वती खोऱ्यातल्या सार पाससारखे ट्रेक याच काळातले, आणि यूथ होस्टेलच्या कसोल येथील तळामुळे महाराष्ट्रातील किती तरी मध्यमवर्गीय घरांना हिमालयाची पहिली ओळख याच वाटेने झाली. माझ्या पिढीला तंबूत राहण्याची, आपले ताट आपण धुण्याची आणि पहाटे शिट्टी वाजली की रांगेत उभे राहण्याची गोडी तिथेच लागली, आणि आजही कमी खर्चात शिस्तीने पहिला अनुभव घेऊ इच्छिणाऱ्यांना मी तोच मार्ग सुचवते. उत्तराखंडमध्ये जूनअखेरीस पाऊस पोहोचला की दरडी कोसळू लागतात आणि बद्रीनाथच्या रस्त्यावर कधी किती तास अडकून पडावे लागेल हे सांगता येत नाही. तरीही फुलांची घाटी पाहायची तर ती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच सर्वाधिक बहरलेली असते, म्हणून तिथे जाणाऱ्याने पाऊस आणि उशीर दोन्ही गृहीत धरूनच निघावे.

गणपतीच्या आगेमागे ज्यांना रजा मिळते त्यांच्यासाठी काश्मीरचे तलाव किंवा हम्पता पास हे पर्याय असतात, कारण लाहौल आणि लडाख ही पर्जन्यछायेची भूमी आहे आणि काश्मीरमध्येही मोसमी पावसाचा जोर तुलनेने कमी असतो. हम्पताचे वैशिष्ट्य असे की कुलूच्या बाजूने देवदार आणि हिरवळीतून चढत गेलेला माणूस ४,२७० मीटरवरची खिंड ओलांडताच लाहौलच्या करड्या-तपकिरी, जवळजवळ झाडे नसलेल्या जगात उतरतो. इतक्या थोड्या दिवसांत एवढा पालट दाखवणारी दुसरी वाट मला ठाऊक नाही. दिवाळीची सुट्टी मात्र मला सर्वांत मोलाची वाटते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि नेपाळ, पश्चिम बंगालच्या सीमेवरील सिंगलीला धारेवरचे संदकफू व हर की दून ज्यात येते ते उत्तराखंडमधील टौन्स खोरे ही सगळी ठिकाणे खुली असतात. ३,६३६ मीटरवरच्या संदकफूहून कांचनजंगा आणि एव्हरेस्ट एकाच क्षितिजावर पाहायचे असतील तर याच दिवसांत जावे. नाताळात केदारकंठा गजबजलेला असतो. बर्फ प्रथमच पाहणाऱ्या मुलांसाठी तो उत्तम आहे, परंतु शांततेच्या ओढीने जाणाऱ्याने दुसरी वाट धरावी, असे मी स्पष्टपणे सांगते.

तिसरी गोष्ट फारसे कोणी विचारत नाही, आणि मला ती पहिल्या दोहोंइतकीच महत्त्वाची वाटते: माघार कुठून घेता येईल. ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने परतायचे असेल, तर कोणत्याही क्षणी पाठ फिरवता येते आणि प्रत्येक पावलागणिक आपण अधिक सुरक्षित होत जातो. खिंड ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात उतरायचे असते तेव्हा एक क्षण असा येतो की त्यानंतर मागे जाणे पुढे जाण्याइतकेच कठीण होते. हम्पतामध्ये तो क्षण ‘बालू का घेरा’ या तळावर येतो. तिथून एका दिवसात परत, ट्रेक जिथे सुरू होतो त्या जोबरापर्यंत उतरता येते. तिथून पुढे निघालेला गट खिंड चढून पलीकडच्या तीव्र उतारावरून शिया गोरूला पोहोचतो तेव्हा दिवस संपत आलेला असतो, आणि दुसऱ्या सकाळी बर्फ वितळून आलेल्या ओढ्यातून पाय बधिर करणारे पाणी ओलांडावे लागते. हे पाणी सकाळी लवकर ओलांडतात, कारण ऊन चढले की वरचे बर्फ वितळून प्रवाह वाढत जातो. ज्याला आदल्या संध्याकाळी बरे वाटत नाही त्याने बालू का घेरा इथेच निर्णय घ्यायला हवा, आणि त्या संध्याकाळी गटासोबत खाली जाऊ शकेल असा एक जादा गाईड आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारायला हवे.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे एरवी निरभ्र असणाऱ्या दिवसांत, हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे नेपाळमधील अन्नपूर्णा परिसरात प्रचंड हिमवृष्टी झाली आणि चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी अनेकजण ५,४१६ मीटरवरच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास होते. जानेवारी २०२० मध्ये देउरालीजवळ हिमकडा कोसळून दक्षिण कोरियाचे चार ट्रेकर आणि त्यांच्या परिसरातील नेपाळी माणसे गाडली गेली. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातील एका गटाला परतताना हिमवादळाने गाठले आणि नऊ जण दगावले. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत, पण जिथे चटकन खाली उतरायला वाट नसते तिथे खराब हवामानाचा एक दिवसही प्राणघातक ठरू शकतो, हे त्या सर्वांमधून दिसते. म्हणूनच पहिल्या खेपेला खिंड ओलांडणारा ट्रेक टाळावा असे माझे मत आहे. खिंडीपलीकडच्या जगाचे आकर्षण मला पूर्ण कळते. ४,६५० मीटरवरची रूपिन खिंड ओलांडून सांगल्याच्या सफरचंदांच्या बागांत उतरण्याचा आनंद अवर्णनीय आहे, परंतु तो दुसऱ्या-तिसऱ्या हिमालय-भेटीसाठी राखून ठेवावा.

रूपकुंडाबद्दल अजूनही विचारणा होते, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि आली-बेदिनीच्या विस्तीर्ण कुरणांतून जाणाऱ्या या ट्रेकचे नेहमीचे स्वरूपच त्यामुळे थांबले. ही बंदी मला योग्य वाटते. बुग्यालावरच्या गवताखाली मातीचा थर पातळ असतो, वर्षातील बराच काळ तो बर्फाखाली असतो, आणि तंबूंच्या खुंट्यांनी, चरांनी व खेचरांच्या टापांनी उखडलेली जागा पुन्हा भरून यायला फार वर्षे लागतात. कोणी आडमार्गाने नेण्याची तयारी दाखवत असेल, तर त्याच्यासोबत इतरत्रही जाऊ नये.

तंबू की टी-हाऊस, म्हणजे वाटेवरच्या गावांतील साधी लॉज, हा मुद्दा आवडीचा आहे असे समजले जाते. वय, गुडघे आणि मधुमेह-रक्तदाबाची औषधे सोबत असतील तर तो आवडीपलीकडे जातो. नेपाळमध्ये कोरडा बिछाना, गरम जेवण आणि दार असलेले स्वच्छतागृह बहुतेक मुक्कामांवर मिळते. उत्तराखंड-हिमाचलमध्ये बहुधा तंबू असतात आणि रात्री थंडीत बाहेर पडून खड्ड्याच्या स्वच्छतागृहापर्यंत जावे लागते. महिलांनी, विशेषतः प्रथमच जाणाऱ्यांनी, याबद्दल संकोच न करता आधी विचारून घ्यावे. नेपाळच्या वाटांवर दुसरी अडचण आहे ती दगडी पायऱ्यांची. छोमरोंग गावातून पायऱ्यांची रांग थेट नदीवरच्या पुलापर्यंत उतरते आणि पलीकडे सिनुवापर्यंत तशीच चढते. जाताना उतरलेली प्रत्येक पायरी परतताना, थकलेल्या पायांनी, चढावी लागते. ज्यांचे गुडघे पायऱ्यांवर दुखतात त्यांना मातीच्या पायवाटा अधिक मानवतात.

तयारीसाठी मी दोन-अडीच महिने मागते. पुण्यातील माणसाने आतकरवाडीहून सिंहगड दर आठवड्याला चढावा. तो चढ सुमारे सहाशे मीटरचा आहे, आणि न थांबता, बोलता येईल इतक्या दमाने, पाच-सहा किलो पाठीवर घेऊन चढता आला तर पायांची बाजू भक्कम झाली असे समजावे. उतरताना धावू नये, कारण गुडघ्यांना उतारच शिकवावा लागतो.

यंदाच्या दिवाळीसाठी आमच्या घरी जी निवड झाली ती याच क्रमाने झाली. ताई आणि भावोजी साठीच्या उंबरठ्यावर आहेत, ताईला रक्तदाब आहे आणि तो औषधाने आटोक्यात आहे, भाचा नुकताच नोकरीला लागला आहे आणि त्याच्या मनात एव्हरेस्ट बेस कॅम्प होता. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्ला या विमानतळाच्या गावापासून परत तिथपर्यंतच त्याला साधारण बारा दिवस लागतात, लुक्लाचे विमान हवामानामुळे रखडू शकते म्हणून आणखी दिवस हाताशी ठेवावे लागतात, आणि एवढी रजा त्यालाच नव्हती. हम्पता आणि काश्मीरच्या तलावांचा हंगाम दिवाळीपर्यंत संपलेला असतो. उरले अन्नपूर्णा बेस कॅम्प आणि हर की दून. भाच्याला आठ हजार मीटरचे शिखर जवळून पाहायचे होते, आणि ते हर की दूनला नाही, हे मी त्याच्यापासून लपवले नाही. पण ताईचे गुडघे पायऱ्यांवर कुरकुरतात, आणि मुक्कामांच्या उंचीचे आकडे समोर मांडल्यावर वाद उरला नाही.

हर की दूनची उंची ३,५६६ मीटर आहे, आणि तिथे झोपायलाच हवे असे नाही. आम्ही सांकरीला दोन रात्री राहणार आहोत, तिथून ‘तालुका’ नावाच्या गावापर्यंत गाडीने आणि पुढे सुपीन नदीच्या काठाने ओसला गावाच्या परिसरात जाणार आहोत, जिथली उंची साधारण अडीच हजार मीटर आहे. त्याच्या वर एक रात्र कलकत्तियाधारजवळ काढायची, दुसऱ्या सकाळी हलक्या पाठीने हर की दूनला जाऊन स्वर्गारोहिणीची शिखरे पाहायची आणि संध्याकाळी पुन्हा खाली यायचे. कोणाला बरे वाटले नाही तर त्याने गावात थांबावे, तिथे माणसांचा शेजार आहे. ओसलाची देवदाराची आणि दगडाची घरे, कोरीव लाकडी मंदिर आणि उतारावरची राजगिऱ्याची शेते हे सारे पाहण्यासाठी एक दिवस थांबावे लागले तरी तो वाया जाणार नाही. मागे एकदा मी तिथे होते तेव्हा गडद लाल कणसे कापून घरांच्या सज्जांवर वाळत टाकलेली होती, आणि एक आजी ती हातांनी चोळून पाखडत होत्या. आपण उपवासाला खातो त्या राजगिऱ्याचे दाणे त्यांच्या सुपात बारीक, फिकट ढिगाने साचत होते. माझ्या मुठीत थोडे ठेवून त्यांनी खाऊन पाहायला सांगितले.

नेणाऱ्याची निवडही आम्ही प्रश्न विचारूनच केली. गाईड त्याच खोऱ्यातील आहे का, एका गाईडमागे किती माणसे असतील, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत असेल का, पोर्टर आणि खेचरांवर किती ओझे घातले जाते आणि पोर्टरांना झोपायला कोरडी जागा व अंगावर पुरेसे कपडे मिळतात का, हे आम्ही लेखी विचारले. एखाद्याला खाली पाठवण्याचा अंतिम अधिकार गाईडचा असेल, हेही आम्ही आमच्या बाजूने मान्य करून कळवले. एके ठिकाणाहून केवळ सवलतीचा आकडा उत्तरादाखल आला, तिथे पुढे विचारणा केली नाही. ज्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले आणि ताईच्या औषधांची यादी स्वतःहून मागितली, त्यांच्याकडे पैसे भरले आहेत.

देहरादूनहून सांकरीचा रस्ता मसुरी, पुरोला, मोरीमार्गे जातो आणि त्यात अख्खा दिवस जातो. वाटेत नैटवाडला गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या नाक्यावर नोंद करावी लागते, म्हणून ओळखपत्रांच्या छायाप्रती वेगळ्या ठेवल्या आहेत. परतीचे तिकीट काढताना मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा सोडला आहे. हवा बिघडली, रस्ता बंद झाला किंवा कोणाला विश्रांती हवी असली तर तो दिवस उपयोगी येईल. तसे काहीच घडले नाही, तर भाचा आणि गाईड त्या दिवशी हर की दूनच्या पुढे मारिंदा तालापर्यंत जाऊन येतील आणि ताई, भावोजी व मी ओसलाला थांबू.